कुंभारवाड्याला ३५० फूट पुरणार नाहीत

धारावीच्या पुनर्विकासात पात्र कुटुंबाला ३५० चौरस फुटांचं घर मिळणार, इथंच बहुतेकांची चर्चा संपते. कुंभारवाड्याचं गणित तिथून सुरू होतं.

सौराष्ट्रातून आलेले प्रजापती कुंभार १९३०च्या दशकापासून इथं आहेत. घरं लांबट, एका तोंडाला रस्त्यावरचं दुकान, दुसऱ्या तोंडाला भट्टीचं अंगण, मधे चाक, माती आणि माणसं. भट्टी बहुधा सामाईक, पाळीनं लावायची.

माती गुजरातेतून ट्रकनं येते. ती भिजवायची, खडे काढायचे, पायानं तुडवायची. चाकावरून उतरलेला माठ जरा आवळला की थापीनं ठोकून फुगवायचा आणि सावलीत ठेवायचा. घाई करून उन्हात काढला तर काठ आधी सुकतो, बूड ओलं राहतं आणि तडा जातो. आत ओल राहिलेला माठ भट्टीत गेला तर पाण्याची वाफ होऊन फुटतो, जाताना शेजारचे दोन घेऊन जातो. आच सहाशे अंशांच्या वर नीट गेली नाही, तर कच्चं भांडं पाण्यात परत चिखल. पावसाळ्यात वाळवण रेंगाळतं आणि पणत्यांचा हंगाम नेमका त्याच्या पाठोपाठ. त्या दिवसांत घरातली सगळी मोकळी जमीन वाळवणाखाली जाते.

जळण म्हणून चिंध्या, त्याही धारावीतल्या शिलाईच्या कारखान्यांतल्या. तिथं मशीनवर उत्तर प्रदेश-बिहारची पोरं. विकत घेणारे आपण, दादरच्या बाजारात घासाघीस करून. विविधतेवर भाषणं देणाऱ्यांनी ही साखळी एकदा पाहावी.

धुराची तक्रार मात्र खोटी नाही. चिंध्यांत हल्ली पॉलिस्टर असतं. तो धूर छातीत बसतो आणि आधी कुंभाराच्याच घरात शिरतो. गॅसभट्टी लावता येईल, पण एकट्या घराला ती परवडत नाही. अर्धी भरून पेटवली तर गॅस वाया. तीही सामाईकच हवी.

म्हणजे मागणी साधी आहे: तळमजला, वाळवणाचं अंगण, मातीचा ट्रक आत येईल एवढा रस्ता, भट्टीपर्यंत गॅसची लाइन. नाहीतर सातव्या मजल्यावर लिफ्टनं माती चढवायची आणि माठ उतरवायचे, याचा खर्च नकाशा काढणाऱ्यांनी मांडून दाखवावा. माठाच्या किमतीत बसतो का, बघू.