सुट्टी मंजूर, समुद्र नामंजूर

आमच्याकडे सुट्टी कधी मिळत नाही, ती उरते. नवरा सीएच्या फर्ममध्ये, म्हणजे एप्रिलमध्ये बँकांचं ऑडिट, जुलैअखेर रिटर्न्स, मग सप्टेंबर-ऑक्टोबर टॅक्स ऑडिट, आणि सरकारने मुदत वाढवली की लोक पेढे वाटतात आणि आम्ही दिवाळीचं बुकिंग कॅन्सल करतो. वर लेकाची शाळा. वर मेच्या पहिल्या पंधरवड्यात अख्ख्या गोतावळ्याची लग्नं आणि मुंजी. हे सगळं वजा जाता हातात काय राहतं, तर मेचा शेवटचा आठवडा ते १५ जूनला शाळा उघडेपर्यंतचा काळ. म्हणजे ते हवामान खातं नकाशावर रेघ काढून आला आला म्हणतं ना, बरोब्बर तेव्हा.

आणि हाच मुहूर्त धरून नवऱ्याला समुद्राखाली जायचं होतं. ऑफिसातल्या कुणीतरी कासवाबरोबरचा फोटो दाखवला होता, बास. डोंगर नको, थंड हवा नको, स्कूबाच. ज्या माणसाला आंघोळीला गीझर दहा मिनिटं आधी लावून लागतो तो माणूस हे बोलत होता म्हणून मी आधी मनावर घेतलं नाही, पण त्याने एक्सेल शीट उघडली, आणि आमच्या घरात एक्सेल उघडली की विषय गंभीर असतो.

पहिलं नाव अर्थात मालवण. काखेत कळसा आणि गावाला वळसा कशाला, देवबागला नवऱ्याचा चुलतभाऊ आहे, तारकर्लीला एमटीडीसीचं स्कूबाचं केंद्र आहे, सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ लोक बुड्या मारतात, घरचे मासे खाऊ, झालं. फोन केला. पलीकडून आधी नुसतं हसणं ऐकू आलं. "वैनी, आता खय येतास? होडये वर काढल्ये. नारळी पुनव होवंदे, मगे येवा." मेच्या पंचविशी-सव्विशीला किल्ल्याच्या होड्या, स्कूबा, पॅरासेलिंग सगळं बंद होतं ते थेट ऑगस्टअखेरपर्यंत. १ जून ते ३१ जुलै तर मासेमारीलाही बंदी. म्हणजे स्कूबा गेलाच पण ताजा सुरमईसुद्धा गेला, आणि खरं सांगते मला दुसऱ्याचंच दुःख जास्त झालं. गोव्याची ग्रँड आयलंड, कर्नाटकातलं मुरुडेश्वरसमोरचं नेत्राणी, सगळीकडे तीच कथा, अख्खी पश्चिम किनारपट्टी शटर ओढून बसलेली.

मग अंदमान. इथे सासूबाईंनी, म्हणजे आमच्या साबांनी, पाठिंबा दिला कारण सेल्युलर जेल बघायचं राहिलंय. पण पाऊस आपल्याकडे यायच्या आधी अंदमानातच उतरतो, मेच्या तिसऱ्या आठवड्यात, म्हणजे आम्ही बॅगा भरत असताना तो तिथे बॅगा उघडून बसलेला असणार. आणि हॅवलॉकला, म्हणजे आता स्वराजद्वीपला, पोर्ट ब्लेअरहून, म्हणजे आता श्रीविजयपुरमहून, बोटीने जायचं, वारा वाढला की बोटी रद्द. टूर एजंटला विचारलं तर तो म्हणाला, "मॅडम तो ग्रीन सीझन असतो, रेट खूप छान मिळतात." आता याला कोण सांगणार की ठाण्यात राहणाऱ्या माणसाला चार महिने ग्रीन सीझन फुकटात असतो, भिंतीवर पण.

वरून २०२५ ची आठवण काढून सगळ्यांना घाबरवायचं काम आमच्या दिरांनी केलं. त्या साली ११ जूनला यायचा पाऊस २६ मेलाच मुंबईत हजर झाला होता, तेव्हा तारखांवर विसंबून तिकिटं काढू नका, वगैरे. हे स्वतः कुठेही जात नाहीत. सल्ला मात्र सगळ्या ठिकाणांचा.

तर देशात काही जमेना म्हटल्यावर नवरा परदेशात शिरला. आणि तिथे त्याला जो शोध लागला त्याने पुढचे किती आठवडे आमच्या जेवणाच्या टेबलावर धुमाकूळ घातला ते विचारू नका. शोध असा की पाऊस सगळीकडे एकदम पडत नाही. (हो. यासाठी सीए व्हावं लागतं.) एकाच थायलंडला दोन बाजू आहेत. फुकेतची बाजू अंदमान समुद्राची, तिला आपल्यासारखाच मे ते ऑक्टोबर पाऊस, तिथली सिमिलान बेटं तर मेच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत चक्क बंद ठेवतात. आणि पलीकडच्या आखातात को ताओ, को सामुई, तिकडे तेव्हा बरंच कोरडं, त्यांचा खरा धो धो पाऊस ऑक्टोबर-नोव्हेंबर-डिसेंबरात. मलेशियाच्या पूर्वेकडची पेर्हेंतियन, रेडांग वगैरे बेटं नोव्हेंबर ते फेब्रुवारी मिटलेली आणि जूनमध्ये उघडी. बाली विषुववृत्ताच्या खाली, तिथे एप्रिल ते ऑक्टोबर कोरडा मोसमच. म्हणजे जग आपल्यासाठी खुलं आहे, फक्त नकाशा उलटा धरायचा.

बालीवर तो जवळजवळ भाळला होता. तिथे तुलांबेन नावाच्या गावात किनाऱ्यापासून हाकेच्या अंतरावर एक अमेरिकन मालवाहू जहाज पाण्यात आडवं पडलंय, १९४२ मध्ये जपानी पाणबुडीने टॉर्पेडो मारला, कसंबसं ओढत किनाऱ्याला आणलं, ते एकवीस वर्षं तिथेच, आणि १९६३ ला शेजारचा आगुंग ज्वालामुखी फुटला तेव्हा ते परत पाण्यात ढकललं गेलं. आता त्यात मासे राहतात. मला हे ऐकायला फार आवडलं पण विमानाचं भाडं बघितल्यावर जहाजाबद्दलची आस्था जरा कमी झाली.

मालदीवचं तर असं, की तिथे पावसाळ्यात जावं असंच जाणकार म्हणतात. नैऋत्य मोसमी वाऱ्यांच्या दिवसांत बा अटॉल या बेटांच्या हनिफारू बे मध्ये प्लँक्टन, म्हणजे पाण्यातले बारीक जीव, गोळा होतं आणि ते खायला मांटा रे मासे झुंडीने येतात. पण तिथे स्कूबाला परवानगी नाही, वरवर तरंगत स्नॉर्केलिंगच करायचं. मी हे साबांना वाचून दाखवलं. त्या भाजी निवडत होत्या, मान वर न करता म्हणाल्या, "म्हणजे वरून पाऊस, खालून पाणी, आणि पैसे आपण द्यायचे." मालदीव कटाप.

मध्येच ते ॲप्सचं प्रकरण. हवामानाचं ॲप कुठल्याही उष्ण बेटासाठी कायम एकच चित्र दाखवतं, ढग, त्यातून वीज, खाली तीन थेंब, आणि ऐंशी टक्के. सगळे दिवस सारखेच. नवरा रोज रात्री बघून उसासे टाकायचा. मग एका डायव्हिंग शिकवणाऱ्या माणसाशी फोनवर बोलणं झालं तेव्हा कळलं की हे टक्के पाऊस पडायची शक्यता सांगतात, किती वेळ पडणार ते नाही, दुपारी अर्धा तास सर येऊन गेली तरी दिवसभर ढगाचंच चित्र. आणि डायव्हिंगवाल्याला पावसाशी तसंही फार देणंघेणं नसतं, तो पाण्याखाली भिजलेलाच असतो ना. त्याला घाबरायचं ते वाऱ्याला आणि लाटेला, कारण तळची वाळू ढवळली, नद्यांचा गाळ आला की पाणी चहासारखं होतं आणि हातभर पलीकडचं दिसत नाही. हे कळल्यापासून नवऱ्याने पाऊस सोडला आणि वारा धरला. आता त्याच्या मोबाईलवर हिंदी महासागरावर रंगीत बाण सरकत असायचे आणि तो "बाराशे किलोमीटरवर काहीतरी फिरतंय" असं पुटपुटत दात घासायचा.

शेवटी गाडी श्रीलंकेवर येऊन थांबली. तिथेही दोन पावसाळे, मे ते सप्टेंबर नैऋत्येकडे म्हणजे कोलंबो, हिक्कडुवा, उनावटुना तिकडे, आणि डिसेंबर ते फेब्रुवारी ईशान्येकडे. मध्ये उभे डोंगर. वारा अलीकडे पाणी टाकून रिकामा होतो आणि पलीकडे कोरडा उतरतो, त्यामुळे पूर्वेच्या त्रिंकोमालीला जूनमध्ये समुद्र शांत आणि स्वच्छ. नवरा हे कागदावर बाण काढून समजावत होता, मी झोपेला आले होते, आणि साबा एकदम म्हणाल्या, "म्हणजे महाबळेश्वरला कोसळतो आणि आमची दहिवडी कोरडी राहते, तसं." साबांचं माहेर दहिवडी. पर्जन्यछाया हा विषय त्यांनी लहानपणी डोक्यावर हंडा घेऊन शिकलेला आहे. त्या दिवसापासून घरात त्रिंकोमालीला कोणी त्रिंकोमाली म्हटलं नाही. दहिवडीची तिकिटं, दहिवडीचं हॉटेल. एजंटला पण एकदा तोंडातून तेच गेलं, तो बिचारा अर्धा मिनिट सर्च करत होता.

वर त्रिंकोमालीला समुद्रावर कड्याच्या टोकाला कोणेश्वराचं देऊळ आहे, रावणाची आख्यायिका असलेलं, आणि जवळच कन्नियाला गरम पाण्याचे सात कुंड, तेही रावणाच्याच नावावर. साबांचं मत पक्कं. निलावेलीच्या किनाऱ्यावर राहायचं, समोर पिजन आयलंडला स्कूबा, देवदर्शन वेगळं.

आता वाटलं झालं, तर डायव्हिंगचे स्वतःचे नियम. पाण्यातून वर आल्यावर लगेच विमानात बसायचं नाही. एकच डाइव्ह असेल तर किमान बारा तास, जास्त असतील तर अठरा. रक्तात विरघळलेला नायट्रोजन हळूहळू बाहेर पडायला हवा, नाहीतर बुडबुडे होतात. बरं, लगेच उंच डोंगरावरही चढू नये. इथे माझा नुवारा एलियाचा चहाचा मळा आडवा आला, तो अठराशे मीटरच्या वर. मग मळा आधी, समुद्र नंतर, मग कोलंबोपर्यंतचा सहा-सात तासांचा रस्ता, मग विमान. एक्सेलमध्ये नायट्रोजनचा कॉलम आला. मी गप्प बसले.

नवऱ्याला आधी पूर्ण ओपन वॉटर कोर्सच करायचा होता, सर्टिफिकेटवाला, अठरा मीटरपर्यंतचा. त्यासाठी न थांबता दोनशे मीटर पोहून दाखवावं लागतं आणि दहा मिनिटं तरंगावं लागतं. महापालिकेच्या तलावाची सकाळची बॅच लावली. तिथे आठ वर्षांची पोरं त्याला ओलांडून जायची आणि परत येताना "काका साइड" म्हणायची. त्यानंतर घरात ट्राय डाइव्ह या विषयावर समजूतदार चर्चा झाली, बारा मीटर, सोबत इन्स्ट्रक्टर, कसलीही परीक्षा नाही, दहा वर्षांवरच्या मुलालाही चालतं.

पण मेडिकल फॉर्म सुटत नाही. त्यात दमा, सायनस, कानाची दुखणी, पंचेचाळीसच्या पुढे आहात का, सगळं विचारतात, आणि काही ठिकाणी हो आलं की डॉक्टरची सही. आमचे फॅमिली डॉक्टर म्हणजे तीन पिढ्यांना पावसात भिजू नका हे एकच औषध देणारे. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून पूर्ण फॉर्म वाचला, मग नवऱ्याकडे बघितलं, मग परत फॉर्मकडे.

"पाण्याखाली जायचंय?"

"हो डॉक्टर, बारा मीटर."

"कशाला?"

या प्रश्नाची एक्सेलमध्ये सोय नव्हती. नवरा कासव असं काहीतरी बोलला. डॉक्टरांनी त्याला नाक दाबून, तोंड मिटून हळूच हवा ढकलायला लावली, कान उघडतात का बघायला, कारण दहा मीटर खाली गेलं की दाब दुप्पट होतो आणि आतली हवा जुळवून घेतली नाही तर पडदा दुखावतो. मग कानात बत्ती घालून पाहिलं आणि मला बोलावून म्हणाले, "तुम्हीही बघा." नको म्हटलं. कानात पाच-सहा दिवस थेंब टाका, मग साफ करू, मग सही. पाच देशांचे मोसमी वारे ज्याने तोंडपाठ केले त्याचं घोडं मळावर अडलं. पण साफ झाला कान, आणि सही पण झाली. त्या दिवशी घरी आल्यावर नवरा म्हणाला टीव्हीचा आवाज एवढा मोठा का ठेवता तुम्ही लोक.

निघायच्या दोन दिवस आधी, ऑफिसातून शेवटच्या फायली उरकून हा माणूस ठाणे स्टेशनच्या बाहेर रिक्षाच्या रांगेत उभा असताना वळवाचा असला काही पाऊस आला की विचारू नका. छत्री घरी, कारण आपण कोरड्या ठिकाणी चाललोय. रांग सोडली तर नंबर जातो म्हणून तो तिथेच उभा राहून पूर्ण भिजला. दुसऱ्या दिवशी शिंका, तिसऱ्या दिवशी विमानात नाक चोंदलेलं.

आणि सर्दीत डायव्हिंग होत नाही. वाऱ्याचं, लाटेचं, नायट्रोजनचं काहीही असो, नाक बंद असेल तर कान जुळत नाहीत, बास.

निलावेलीला लख्ख ऊन, समुद्र अगदी सांगितल्याप्रमाणे शांत, नवऱ्याचा एकूण एक बाण बरोबर निघाला होता. बोटीवर आम्हाला खुणा शिकवल्या. अंगठा वर म्हणजे मस्त नाही, म्हणजे मला वर जायचंय. मस्तसाठी बोटांचं गोल करायचं. लेक पहिल्या बुडीत तळाशी शार्क बघून आनंदाने अंगठा वर करत होता आणि इन्स्ट्रक्टर त्याला इमानदारीत वर नेत होता. (छोटे असतात तिथले ब्लॅकटिप, सहसा चावत नाहीत, पण हे साबांना अजून सांगितलेलं नाही.) मी खाली गेले, पोपटमासे प्रवाळ कुरतडतात त्याचा चक्क कुरकुर आवाज ऐकला, आणि मला वाटतं मी तिथेच राहिले असते.

वर आले तर नवरा बोटीत टॉवेल गुंडाळून बसलेला. इन्स्ट्रक्टरने उगाच आशेने त्याला विचारलं, यू ओके सर? तर त्याने हात आडवा धरून डळमळवला आणि मग कानाकडे बोट दाखवलं, कानात प्रॉब्लेम आहे ही पाण्याखाली करायची खूण, अगदी पुस्तकातल्यासारखी. इन्स्ट्रक्टर म्हणाला, व्हेरी गुड.

किनाऱ्यावर साबा सुंठेचा काढा थर्मासमध्ये घेऊन उभ्याच होत्या, सुंठ ठाण्याहून आणलेली. त्याला तो पाजून म्हणाल्या, "चल, कोणेश्वराला अजून एकदा जाऊन येऊ. तिथे नाक चोंदलं असलं तरी आत सोडतात."