रिटेनर गेला बादलीत

काल डेक्कनवरच्या एका उडप्याकडे माझा रिटेनर खरकट्याच्या बादलीत गेला. चूक माझीच, डोसा खायला काढला, डबी घरी राहिलेली, म्हणून टिश्यूत गुंडाळून ताटलीपाशी ठेवला, आणि पोऱ्याने ताटलीसकट तोही उचलला.

मी बादलीत कोपरापर्यंत हात घालून वाकलोय, तर शेजारच्या टेबलावरचे काका सांबाराची वाटी हातात घेऊनच उठून आले.

"कवळी का?"

"नाही, रिटेनर."

"वरची का खालची?"

"काका, दात माझेच आहेत. तारा काढल्या की दात परत जुन्या जागी सरकायला बघतात, म्हणून धरून ठेवायला..."

"स्वतःचेच दात धरून ठेवायला?"

"हो."

"कितीला पडला?"

"सहा हजार."

काकांनी वळून अख्ख्या हॉटेलाला सांगितलं, "स्वतःचेच दात, आणि सहा हजार!" मग वाटी खाली ठेवली, खालची कवळी काढून माझ्या नाकासमोर धरली. "ही बघा, 2009 ची. कधी हरवली? नाव नको. आणि सापडला की उकळत्या पाण्यात टाका, जंतू मरतात."

तेवढ्यात क्लायंटचा फोन. "रिटेनरचं काय झालं?" मी म्हटलं, "बादलीत गेला." पलीकडे एकदम शांतता.

या माणसाला मी दोन महिने समजावतोय की रिटेनर म्हणजे महिन्याचे ठरावीक तास तुमच्यासाठी राखून ठेवायचे पैसे, काम निघो न निघो, आणि तेही आधी द्यायचे. त्याला वाटतं होलसेल भाव. उरलेले तास पुढच्या महिन्यात धरा म्हणतो, आणि रात्री अकराला "लोगो जरा मोठा करा, पाच मिनिटांचं काम" असतंच. आधीच्या क्लायंटने तर दहा टक्के टीडीएस कापून उरलेले पैसे तीन महिन्यांनी दिले. सरकारकडे 'उद्यम' म्हणून नोंदणी केलेल्या माझ्यासारख्या छोट्या धंदेवाल्याचे पैसे जास्तीत जास्त 45 दिवसांत द्यायचे असा 2006 चा कायदा आहे म्हणे, पण तो दाखवला की पुढचं काम गेलंच समजा.

असो. रिटेनर सापडला, सांबार आणि खोबऱ्याच्या चटणीखाली. घरी येऊन काकांचं ऐकलं, कढत पाण्यात टाकला. पारदर्शक प्लास्टिक ते, असं चुरगळलं की आता कुठल्याच जबड्यात जाणार नाही. डॉक्टरीणबाईंनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, गार पाण्यानेच धुवायचा.

शनिवारी परत माप द्यायला जायचंय. क्लायंटला कोटेशन सोमवारी जाईल, त्यात सहा हजार वाढवलेत.