एकशे तेरा रुपये आणि आमची सोसायटी

मुलुंड पूर्वेला राहते, गेली दोन वर्षं सोसायटीची खजिनदार आहे. म्हणजे वॉचमनच्या बिलावर दर महिन्याला सही माझीच असते. हे आधीच सांगून टाकते, कारण खाली जे लिहिलंय त्यात शिव्या खायला मीही आहे.

मागच्या महिन्यात गेटवरचे काका केबिनमधून बाहेर आले. "ताई, पाच हजार उचल मिळंल का? पगारात कापा." काकूंचं ऑपरेशन झालेलं, तेही खासगी दवाखान्यात. मी म्हटलं, काका, तुम्हाला ईएसआय (कामगारांचा सरकारी आरोग्य विमा) आहे ना? कामगार हॉस्पिटल आपल्या मुलुंडमध्येच तर आहे. त्यांनी प्लॅस्टिकच्या पिशवीतून पगाराची स्लिप काढली. पगार १५ हजार, ईएसआय कपात ११३ रुपये. विमा क्रमांकाच्या रकान्यात मात्र एक आडवी रेघ. कार्ड कधी निघालंच नव्हतं.

मग मी तिथेच उभी राहून त्यांच्या मोबाइलवर फंडाचं, म्हणजे पीएफचं, पासबुक उघडलं. ओटीपी आला, काकांनी चष्मा लावून एकेक आकडा वाचला. दर महिन्याला १८०० कापले जात होते. पासबुकातला शेवटचा भरणा ११ महिन्यांपूर्वीचा.

स्लिपवर ड्यूटी आठ तास. काका बसतात बारा तास. केबिनमधल्या कॅलेंडरवर त्यांनी पेन्सिलीने खुणा केल्यात: एक रेघ म्हणजे ड्यूटी, दोन रेघा म्हणजे रिलिव्हर (बदली गार्ड) आला नाही म्हणून डबल. त्या महिन्यात सात ठिकाणी दोन रेघा होत्या.

आम्हाला गार्ड पुरवणाऱ्या एजन्सीच्या माणसाला फोन केला. म्हणाला, "मॅडम, लायसन्सचा खर्च किती वाढलाय! पसाराचं रिन्यूअल, ट्रेनिंग, सगळं आमच्याच अंगावर." (२००५च्या खासगी सुरक्षा एजन्सी कायद्याला या धंद्यात 'पसारा' म्हणतात. इंग्रजी आद्याक्षरं जोडून कुणाला हा शब्द सुचला असेल त्याला मराठी येत असणार.)

तर या लायसन्सचा हिशेब बघा. कायद्यातली फी एका जिल्ह्याला ५ हजार, पाच जिल्ह्यांपर्यंत १० हजार आणि अख्ख्या राज्याला २५ हजार. तेही पाच वर्षांसाठी. २०० गार्ड असलेल्या एजन्सीने राज्याचं लायसन्स काढलं तरी दर गार्डमागे महिन्याला दोन रुपये पडतात. एजंट, फायली, वरचे खर्च धरून दहापट करा, वीस रुपये. काकांचे ११३ रुपये यात बुडाले म्हणता?

ट्रेनिंगचंही तसंच. कायद्याने १०० तास वर्गात आणि ६० तास प्रत्यक्ष, किमान २० दिवसांत, आणि ते देण्याची जबाबदारी एजन्सीची. काकांना विचारलं तर म्हणाले, "वर्दीचे अडीच हजार कापले, त्यातच ट्रेनिंग आलं म्हणाले." ट्रेनिंग म्हणजे आधीच्या वॉचमनने एक दुपारभर पाण्याच्या पंपाचं बटण आणि व्हिजिटरचं रजिस्टर दाखवलं.

खरा खर्च दुसरीकडेच आहे. १५ हजार पगार धरा. एजन्सीने भरायचा फंड सगळे चार्ज धरून १३ टक्के, म्हणजे १९५०. ईएसआय सव्वातीन टक्के, साधारण ४८८. बोनस ८.३३ टक्के, १२५०. ग्रॅच्युइटीची तरतूद धरली तर आणखी ७२०. आठवड्याच्या सुट्टीला जो रिलिव्हर येतो त्याचे अडीच हजार. झाले जवळपास २१,९००. त्यात वर्दी नाही, एजन्सीचा नफा नाही. आणि हे आठ तासांचं. वरचे चार तास ओव्हरटाइम दुप्पट दराने धरले तर चाराचे आठ होतात, म्हणजे बारा तासांच्या ड्यूटीला दोन पगार.

आम्ही काय देत होतो? बारा तासांच्या गार्डला १९,५००, 'सर्व समाविष्ट'. तीन कोटेशनमधलं सगळ्यात स्वस्त होतं, कमिटीने चहा संपायच्या आत पास केलं. आकडा हातात घेऊन दोन मिनिटं बसले असते तरी कळलं असतं की यात हे सगळं बसूच शकत नाही. बसले नाही.

आपल्याकडे कायद्यांची वानवा नाही. १९८१ सालीच महाराष्ट्राने खासगी सुरक्षा रक्षकांसाठी वेगळा कायदा केला. बृहन्मुंबई आणि ठाण्याचं सुरक्षा रक्षक मंडळ त्यातूनच आलं. 'बोर्डाचा गार्ड' घेतला की मालक पगार आणि वर लेव्ही (पगारावरची ठरावीक टक्केवारी) मंडळाकडे भरतो, मधल्या ठेकेदाराच्या खिशातून पैसा फिरतच नाही. आमच्या बैठकीत कुणीतरी बोर्डाचं नाव काढलं होतं. "महाग पडतात," एवढ्यावर विषय संपला. महाग का पडतात, हे कुणी विचारलं नाही. मीही नाही.

आता मी मांडलंय ते असं: आठ तासांच्या पाळ्या, मागचं गेट रात्री बंद, चाराऐवजी पाच गार्ड, दर गार्डमागे २४,५००. जीएसटी १८ टक्के (तो पगारावर, फंडावर, सगळ्यावरच लागतो, त्याबद्दल मला सरकारशी वेगळं भांडायचंय). १२० घरांत वाटलं तर घरटी महिन्याला ४३८ रुपये जास्त. सभेत एकजण म्हणाले, "ते दिवसभर मोबाइलच तर बघतात." लॉबीच्या ग्रॅनाइटचा ठराव त्याआधी दहा मिनिटांत मंजूर झाला होता. माझा विषय पुढच्या सभेवर गेला.

तोवर काकांच्या फंडाची तक्रार ऑनलाइन टाकलीय. उचल आम्ही तिघींनी मिळून दिली, कापायची नाही या बोलीवर. आणि तीन नव्या एजन्सींना कळवलंय की कोटेशनसोबत तुमच्या गार्डांची नावं असलेली मागच्या तीन महिन्यांची फंडाची आणि ईएसआयची चलनं पाठवा.

एकीने पाठवली. एक म्हणाली, "मॅडम, आजवर कुणी मागितली नाहीत." तिसरी फोनच उचलत नाही.