'रामदास' बोटीबद्दलच्या मेसेजचा खुलासा

"जयंती, तुकाराम आणि रामदास या तिन्ही बोटी १९४७ मध्ये एकाच दिवशी इंग्रजांच्या पाणसुरुंगाने बुडाल्या," असा मेसेज फिरतोय. दोन वर्षांपूर्वी तो मीही पुढे पाठवला होता, तेव्हा चूक माझीही.

जयंती आणि तुकाराम एकाच दिवशी बुडाल्या, एवढं खरं. पण ती तारीख ११ नोव्हेंबर १९२७. रामदास बुडाली त्यानंतर जवळजवळ वीस वर्षांनी, १७ जुलै १९४७ ला. अपघाताच्या नोंदी आणि वाचलेल्यांच्या आठवणी ताडून पाहिल्या तर सुरुंग कुठेच सापडत नाही. सापडतो तो पावसाळी समुद्र. आषाढ अमावास्येचा दिवस, सणाला गावी निघालेली माणसं, मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून सकाळी सुटलेली, अलिबागजवळच्या रेवसला जाणारी प्रवासी बोट. काश्याच्या खडकाजवळ मोठ्या लाटेने बोट कलली, घाबरलेले लोक एका बाजूला धावले आणि काही मिनिटांत ती उलटली. सहाशेहून जास्त माणसं गेली. बोटीवर वायरलेस नव्हता. कित्येक तास मुंबईला पत्ताच नाही. पोहून किनारा गाठलेल्यांनी बातमी आणली. रेवस-बोडणीच्या कोळ्यांनी होड्या घालून बरेच जीव वाचवले, आणि मेसेजमध्ये नेमकं तेच नाही.

मेसेजसोबतचा भल्यामोठ्या जहाजाचा फोटोही रामदासचा नव्हे. ती जेमतेम १७९ फुटांची होती.

तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका. ज्या ग्रुपवर टाकला असेल, तिथे हा खुलासा टाका. मी टाकतोय.