घोरणं थांबलं, पण श्वासाचं काय?

आमराईत सकाळी फिरायला येणाऱ्यांच्या आमच्या ग्रुपवर गेल्या आठवड्यात एकच मेसेज तिघांनी टाकला. मजकूर थोडक्यात असा: "घोरणे व स्लीप ॲप्निया (झोपेत श्वास थांबणे) मुळापासून बरा! घोरणं थांबलं की आजार गेला. श्वासाचं मशीन म्हणजे कंपन्यांची लूट. चारशे रुपयांची दातांची पट्टी मागवा, गरम पाण्यात मऊ करा, चावा आणि झोपा. चारशेची पट्टी आणि डॉक्टरचं उपकरण एकच. तपासणी नको, साइड इफेक्ट नाही." खाली जोडलेले हात आणि 'पुढे पाठवा'.

मी सांगलीत दातांचा दवाखाना चालवतो. झोपेत खालचा जबडा, आणि त्याबरोबर जीभ, पुढे धरून घसा उघडा ठेवणारं उपकरण मीही बनवून देतो. म्हणजे हा मेसेज माझ्याच धंद्याची फुकट जाहिरात. तरी गप्प बसवत नाही.

"घोरणं थांबलं की आजार गेला." सगळ्यात घातक वाक्य हेच. झोपेत घशाचे स्नायू सैलावतात, जीभ मागे सरकते, हवेची वाट अरुंद होते. त्या चिंचोळ्या वाटेतून हवा जाताना पडजीभ आणि टाळूचा मऊ भाग थरथरतो, ते घोरणं. वाट पूर्ण मिटली तर आवाजच येत नाही! दहा सेकंद किंवा त्याहून जास्त वेळ श्वास थांबतो, रक्तातला ऑक्सिजन घसरतो आणि मेंदू माणसाला दचकवून अर्धवट जागं करतो. श्वास असा थांबण्याचे आणि अडखळण्याचे प्रसंग तासाला किती, हे मोजतात. ५ ते १५ सौम्य, १५ ते ३० मध्यम, ३० च्या पुढे तीव्र.

तासगावकडचा एक ट्रकचालक माझ्याकडे होता. हंगामात द्राक्षं भरून रात्रीचाच निघणारा. आकडा ४१. नाकावाटे हवेचा दाब देणारं मशीन लावून झोपायला तयारच नव्हता, म्हणून उपकरण दिलं. महिन्याने बायको खुशीत सांगत आली, "डॉक्टर, घर कसं शांत झालंय बघा." पुन्हा स्लीप स्टडी, म्हणजे झोपेतली तपासणी केली तर आकडा २३. आवाज गेला होता, आजार निम्म्याने उरला होता. त्या शांततेवर विसंबून तो रात्रीचा हायवेला लागला असता.

म्हणूनच "तपासणी नको" हे खोडायला वेगळं काही लिहायची गरज नाही. एवढंच, की काहींच्या बाबतीत घसा उघडा असूनही मेंदूकडूनच श्वासाचा हुकूम सुटत नाही. तिथे जबडा कितीही पुढे ओढा, उपयोग शून्य. हे कानाने ऐकून कळत नाही.

"चारशेची पट्टी आणि डॉक्टरचं उपकरण एकच." नाही हो. दोन्ही जबड्यांची मापं घेतो, जबडा जास्तीत जास्त किती पुढे येतो ते मोजतो आणि साधारण त्याच्या निम्म्यावर सुरुवात करतो. वरचा आणि खालचा भाग वेगळा असतो, मधल्या स्क्रूने जबडा थोडा थोडा पुढे नेता येतो. आठवडे जातात यात. घरी चावून बनवलेली पट्टी जिथे बसली तिथेच बसली. रात्री निसटते, कडा टोचतात. अमेरिकेतल्या झोपतज्ज्ञांच्या आणि दंतवैद्यांच्या संघटनांनी २०१५ मध्ये मिळून मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांतही मापानुसार बनवलेलं, पुढे-मागे करता येणारं उपकरणच सुचवलंय आणि ते बसवल्यावर पुन्हा तपासणी करा असंही म्हटलंय.

आता "मशीन म्हणजे लूट". नाकावाटे हवेचा दाब देऊन घसा उघडा ठेवायची युक्ती सिडनीच्या कॉलिन सलिव्हन यांनी १९८१ मध्ये मांडली. श्वास अडण्याचा आकडा खाली आणण्यात आजही मशीन आमच्या उपकरणापेक्षा सरस आहे, हे मी दातांचा डॉक्टर असून कबूल करतो. पण मास्क काढून उशाशी ठेवला तर ते काय करणार? २०१३ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या एका चाचणीचे निष्कर्ष आले. त्याच रुग्णांना महिनाभर मशीन, महिनाभर उपकरण दिलं होतं. आकडा मशीनने जास्त उतरवला, पण उपकरण लोकांनी रात्री जास्त तास वापरलं आणि रक्तदाब, दिवसाची पेंग यांत फारसा फरक उरला नाही. तेव्हा मास्क सोसवत नसेल तर उपकरण जरूर घ्या. तीव्र आजारात मात्र आधी मशीनच मनापासून वापरून बघा.

"साइड इफेक्ट नाही." लाळ सुटते, सकाळी जबडा दुखतो, हे बहुधा काही दिवसांत कमी होतं. वर्षानुवर्षं वापरल्यावर दात किंचित सरकतात, चावा बदलतो. ते हळूहळू होतं, म्हणून लक्षात येत नाही. शिवाय उपकरणाचा सगळा भार दातांवर. आपल्या भागात मिश्रीने हिरड्या खाल्लेली तोंडं थोडी नाहीत. हलणाऱ्या दातांवर ते कसं टिकणार? पूर्ण कवळी असेल तर पकडायला जागाच नाही. गुटख्याने तोंड दोन बोटंही उघडत नसेल तर मापाचा ट्रेच आत जात नाही.

"मुळापासून बरा" याला उत्तर सोपं: चष्म्याने नंबर जातो का? काढून झोपलात की पहिले पाढे पंचावन्न. वजन उतरलं, रात्रीची दारू सुटली तर आकडा खाली येतो, पण ते पट्टीचं श्रेय नव्हे.

मेसेज टाकणाऱ्यांपैकी एक काका परवा ती पट्टी डबीसकट घेऊनच दवाखान्यात आले. खालचे पुढचे दोन दात हलत होते. आता आधी हिरड्यांचे उपचार, आणि बुधवारी रात्री घरीच बोटाला, नाकाला, छातीला यंत्र लावून तपासणी. डबी मात्र त्यांनी जपून परत पिशवीत ठेवली. म्हणाले, "रिटर्नची मुदत रविवारपर्यंत आहे."