मायक्रोफायबर टॉवेलांबाबतच्या आपल्या अभिप्रायास दुकानमालकाचे उत्तर

माननीय ग्राहक महोदय,

आमच्या दुकानातून घेतलेल्या टॉवेलांमुळे आपल्याला जो मनस्ताप झाला, त्याबद्दल मी दुकानाच्या वतीने मनापासून दिलगिरी व्यक्त करतो. आपण लिहिले आहे की सहा टॉवेलांच्या संचाचे साडेबाराशे रुपये घेऊन आम्ही आपल्या हाती सिग्नलवर पन्नास रुपयांना मिळणारे फडके दिले, दोन धुण्यांत ते कडक झाले, पाणी टिपेनासे झाले, काचेवर तंतू सोडू लागले, काळ्या गाडीच्या बॉनेटवर ओरखडे उठले, धुण्याबद्दल आपल्याला कोणी काही सांगितले नाही, आणि एकूण ही सरळसरळ फसवणूक आहे. नव्या गाडीवर ओरखडा दिसला की कोणाचाही जीव कळवळतो, त्यामुळे आपला राग मी समजू शकतो. मात्र ‘फसवणूक’ हा शब्द मला फार लागला आहे. आमचे दुकान शोधणाऱ्या प्रत्येकाला आता सर्वांत आधी तोच दिसतो, आणि परवा एका गृहस्थांनी फोनवर पहिलाच प्रश्न ‘तुमच्याकडे माल नकली असतो का?’ असा विचारला. दुकानाचे भाडे आणि काउंटरवरच्या मुलांचे पगार याच विक्रीतून निघतात, म्हणून थोडे सविस्तर लिहिणे मला भाग आहे.

आपण टॉवेल घेऊन दुकानात आलात, तेव्हा मी त्याच मालातला एक कोरा टॉवेल आणि आपला एक टॉवेल काउंटरवर शेजारी शेजारी पसरून दोन्हींवर पाण्याचे थेंब सोडले होते, हे आपल्याला आठवत असेल. कोऱ्या टॉवेलवर थेंब टेकताक्षणी आत जिरला. आपल्या टॉवेलवर तो अळवाच्या पानावर राहावा तसा गोल उभा राहिला. त्यावरून आपण ‘कापड खोटे आहे’ असा निष्कर्ष काढलात. परंतु आपला टॉवेल नाकाशी नेला, तेव्हा त्याला कपड्यांच्या कंडिशनरचा स्पष्ट वास येत होता, आणि घरच्या मशीनमध्ये प्रत्येक धुण्याला कंडिशनर घातलाच जातो, हे आपणच मला तेव्हा सांगितलेत. अभिप्रायात मात्र त्याचा उल्लेख नाही.

महोदय, साऱ्या प्रकरणाचे मूळ तेथेच आहे. हे टॉवेल 80 टक्के पॉलिएस्टर आणि 20 टक्के पॉलिअमाइडचे असतात. त्यांचा तंतू एक डेनियरहून बारीक असतो, म्हणजे 9000 मीटर लांबीच्या तंतूचे वजन एक ग्रॅमही भरत नाही, आणि तयार करताना तो उभा चिरलेला असल्यामुळे त्याच्या फटींत पाणी शिरते व धूळ अडकते. टॉवेलचे सगळे काम या फटी करतात. कंडिशनरचे काम कापडावर एक तेलकट, गुळगुळीत थर चढवण्याचे आहे. सुती सदऱ्याला त्याने मऊपणा येतो. मायक्रोफायबरच्या फटी मात्र त्याने बुजतात आणि टॉवेल पाणी शोषण्याऐवजी नुसते इकडून तिकडे ढकलू लागतो. खोटे कापड आणि बुजलेले कापड वापरताना सारखेच वाटते, हे मला मान्य आहे. फरक इतकाच की बुजलेले कापड धुऊन परत कामाचे होते, खोटे होत नाही.

म्हणूनच आपल्या संमतीने मी एक टॉवेल ठेवून घेतला. तो कोमट पाण्यात द्रवरूप डिटर्जंट घालून भिजत ठेवला, हाताने दाबून धुतला, मग पाण्यात थोडे पांढरे व्हिनेगर घालून खळबळला, पुन्हा साध्या पाण्यातून काढला आणि सावलीत वाळवला. व्हिनेगर यासाठी की आपल्या सोसायटीला बोअरवेलचे आणि टँकरचे पाणी येते. त्या जड पाण्यातला क्षार तंतूंवर बसतो आणि टॉवेल पापडासारखा कडक होतो, तो क्षार व्हिनेगरने सुटतो. आता त्या टॉवेलवर थेंब पुन्हा जिरतो आहे. टॉवेल दुकानात आपल्या नावाने ठेवलेला आहे, आपण स्वतः येऊन थेंब टाकून पाहावा. कापड सिग्नलवरचे असते, तर ते असे पूर्ववत झाले असते का, याचा आपणच विचार करावा.

वजनाचेही तसेच आहे. पाकिटावर 400 जीएसएम लिहिले आहे, म्हणजे एक चौरस मीटर कापडाचे वजन 400 ग्रॅम. आपल्या संचातले लहान टॉवेल 40 सेंटिमीटर लांब-रुंद आहेत, तेव्हा प्रत्येकाचे वजन 64 ग्रॅमच्या आसपास भरले पाहिजे. कोणत्याही किराणा दुकानातल्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर ते तपासता येईल. मी काटा काढत होतो, तेव्हा आपण घाईत होतात.

काचेवरच्या तंतूंबद्दल एवढेच म्हणेन की आपण दाखवलेले तंतू पांढरे होते आणि आपले टॉवेल करड्या रंगाचे आहेत. ते सुती कपड्यांचे तंतू आहेत. अंगपुसण्यांबरोबर मशीनमध्ये गेलेला मायक्रोफायबर त्यांचे सगळे तंतू ओढून घेतो, कारण ओढून घेणे हाच त्याचा गुण आहे.

‘कोणी काही सांगितले नाही’ हे वाचून तर घरातल्या सर्वांनाच वाईट वाटले. प्रत्येक पाकिटात आम्ही मराठीत छापलेली चिठ्ठी घालतो. टॉवेल वेगळे धुवा, कंडिशनर आणि ब्लीच वापरू नका, पाणी 40 अंशांपेक्षा गरम नको, इस्त्री नको, सावलीत वाळवा, असे तिच्यावर स्वच्छ लिहिलेले आहे. या चिठ्ठ्यांच्या घड्या माझी पत्नी रात्री जेवणे आटोपल्यावर स्वतः घालते. आपल्या पाकिटात चिठ्ठी नव्हती असे आपण म्हणता, आपल्या शब्दावर मी अविश्वास दाखवत नाही. परंतु काउंटरवरचा मुलगा प्रत्येक गिऱ्हाइकाला ‘काका, धुताना यात वासाचं काही घालू नका’ असे सांगतो. आपल्यालाही ते सांगितले गेले तेव्हा आपण फोनवर बोलत होतात.

राहिला प्रश्न ओरखड्यांचा. बॉनेटवर टॉर्चच्या उजेडात जे गोल जाळे दिसते, तसेच ते मागच्या दारांवरही आहे, आणि काच सोडली तर हे टॉवेल फक्त बॉनेटवर वापरल्याचे आपण सांगितलेत. पहाटे गाड्या पुसायला येणारा माणूस एका बादलीत, एका फडक्याने पार्किंगमधल्या सगळ्या गाड्या पुसतो. त्या बिचाऱ्याला मी दोष देत नाही, त्याला कोणी दुसरे फडके दिलेले नसते. पण कोरडी धूळ तशीच रगडली गेली की रंगावरच्या पारदर्शक थरावर असे जाळे उठते, आणि काळ्या गाडीवर ते लपत नाही. कडक झालेल्या टॉवेलने त्यात भर पडली असेल, हे मी नाकारत नाही. म्हणूनच चाकांचा टॉवेल बॉनेटला लावू नये, आणि जमिनीवर पडलेला टॉवेल नीट धुतल्याशिवाय गाडीला लावू नये, असे आम्ही कळकळीने सांगत असतो.

उरलेले पाचही टॉवेल आपण घेऊन यावेत, ते आम्ही विनामूल्य धुऊन देऊ. त्यानंतरही एखादा पाणी टिपत नसेल, तर तो बदलून देऊ. धुण्याच्या सूचना पाकिटावर बाहेरूनच ठळक दिसाव्यात यासाठी पुरवठादाराशी बोलणे चालू आहे, आणि काउंटरवरही योग्य ती व्यवस्था लवकरच करण्यात येईल. तारे किती द्यावेत हा सर्वस्वी आपला अधिकार आहे. आमची विनंती फक्त त्या एका शब्दाबद्दल आहे. थेंब जिरताना पाहिल्यावर तो बदलावासा वाटला, तर कृपया बदलावा.

दुकान सोमवारी बंद असते, इतर दिवशी रात्री साडेआठपर्यंत मी स्वतः काउंटरवर असतो.

आपला नम्र,
दुकानमालक