महिन्याचा आकडा आणि मे महिन्याची बेगमी

चार माणसांच्या घराने महिन्याच्या किराण्यावर आठ हजार रुपयांपेक्षा अधिक खर्च करू नये, असा दंडक गुरुजींनी मांडला आणि मालवणच्या बंदराकडे उतरणाऱ्या रस्त्यावरच्या आमच्या कट्ट्यावर त्या संध्याकाळी दुसरा विषयच निघाला नाही. गुरुजी निवृत्त मुख्याध्यापक आहेत. त्यांचा संसार आधी पगाराच्या आणि आता निवृत्तिवेतनाच्या तारखेला बांधलेला आहे. त्यांच्या मते महिन्याच्या पहिल्या आठवड्यात एकच यादी करावी, ती वाण्याकडे एकदाच द्यावी, पैसे रोख मोजावेत आणि पुढच्या महिन्यापर्यंत दुकानाची पायरी चढू नये. आकडा मोडतो तो माणसाच्या सैल हातामुळे, महागाईचे नाव उगाच घेतले जाते, असे त्यांनी ठामपणे सांगितले.

"गुरुजी, महिनो सरता, पण भाईंची वही काय सरना नाय," बाबी म्हणाला. बाबीचा एका यांत्रिक नौकेत हिस्सा आहे आणि ज्यांच्या वहीचा त्याने उल्लेख केला ते किराणा दुकानदार भाई त्याच्या शेजारीच बसले होते. बचत गट चालवणाऱ्या आमच्या ताईही तिथे होत्या आणि वादाचे खरे वळण पुढे त्यांच्यामुळेच आले.

गुरुजींचा आकडा मला अवास्तव वाटला नाही. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या 2023-24 च्या कौटुंबिक उपभोग खर्च सर्वेक्षणानुसार ग्रामीण भारतात माणशी मासिक खर्च सरासरी 4,122 रुपये होता आणि त्यातला 47.04 टक्के भाग अन्नावर जात होता. म्हणजे माणशी सुमारे 1,940 रुपये आणि चौघांचे मिळून पावणेआठ हजारांच्या आसपास. मात्र हे मी कट्ट्यावर सांगितल्याबरोबर ताईंनी नेमका प्रश्न विचारला, की या रकमेत काय काय धरले आहे? सर्वेक्षणाच्या रकमेत दूध, भाजी, मासळी, फळे, बाहेरचा चहा आणि भजी हे सगळे येते. गुरुजींच्या आठ हजारांत केवळ वाण्याची यादी होती. त्यांच्या घरी दुधाचा रतीब वेगळा, भाजी वेगळी, आणि मासळीचे पैसे तर सकाळी बाजारात जाताना खिशातून जातात, त्यांचा हिशेब कोणीच ठेवत नाही. माझ्या मते आपल्या किनाऱ्यावरच्या बहुतेक घरांचे अंदाजपत्रक पहिल्या पायरीवर चुकते ते इथेच. ज्या घरात सोमवार, गुरुवार आणि शनिवार सोडले तर रोज मासळी शिजते, त्या घराने मासळी वगळून जेवणाचा खर्च मोजला, तर त्या मोजण्याला फारसा अर्थ उरत नाही.

यावर गुरुजींनी आक्षेप घेतला की मासळीचा भाव रोज बदलतो. आज बांगडा स्वस्त, उद्या वारा फिरला की तोच महाग, मग त्याचा आकडा बांधणार कसा? आक्षेप खरा आहे, परंतु त्याचे उत्तर बाबीने चांगले दिले. भाव बांधता येत नसला तरी आठवड्याची रक्कम बांधता येते. सुरमईचा भाव चढला तर त्या आठवड्यात तारली किंवा पेडवे खावेत, कारण मासळी घेण्याची आपली जुनी रीत मुळात तीच आहे. बाजारात जो मासा भरपूर आला असेल तो घ्यायचा, मनात ठरवलेला मासा शोधत हिंडायचे नाही. घरात पाहुणे नसताना पापलेटासाठी अडून बसणारे लोक गेल्या काही वर्षांत वाढले आहेत, असे बाबीला वाटते, आणि लिलावाच्या वेळी तो रोज तिथे असतो म्हणून मी त्याचा शब्द मानतो.

यानंतर ताईंनी जे मांडले ते मला संपूर्ण चर्चेचा गाभा वाटते, म्हणून जरा विस्ताराने लिहितो. त्यांचे म्हणणे असे की बारा सारखे महिने हे शहरातल्या घराचे गणित आहे. कोकणातल्या स्वयंपाकघराचे वर्ष तसे सारखे नसते. एप्रिल-मेमध्ये येथील गृहिणी पावसाळ्याची बेगमी करते. कोकमे पिकतात तेव्हाच ती फोडून, सालींना रस आणि मिठाचे पुट देत, पहिल्या पावसाच्या आत सोले वाळवून ठेवावी लागतात. नव्या हंगामाच्या मिरच्या, धणे आणि बाकीचे जिन्नस घेऊन वर्षाचा मसाला दळून आणावा लागतो. कुळीथ भाजून पिठी होते, उकड्या तांदळाचे पोते येते, फणसाच्या आठळ्या साठवल्या जातात, कांद्याच्या माळा टांगल्या जातात, आणि सुके बांगडे, सुकट, गोलमा हे उन्ह कडक असतानाच घेऊन हवाबंद करावे लागते. दरवर्षी जून आणि जुलै असे 61 दिवस यांत्रिक मासेमारी बंद असते, तेव्हा ताटात जे पडते ते बव्हंशी मे महिन्यातच घेतलेले असते. मग मे महिन्याचा खर्च दुप्पट झाला, तर त्या घराने अंदाजपत्रक मोडले असे म्हणायचे, की चार महिन्यांचे जेवण आधीच घेऊन ठेवले असे म्हणायचे?

गुरुजी काही क्षण बोलले नाहीत. ताईंनी मग श्रावणाचा मुद्दा काढला. श्रावणात घरोघरी मासळी बंद होते, त्यामुळे वाटाणे, चवळी, मसूर, शेंगदाणे, साबुदाणा यांची उचल वाढते आणि वाण्याचे बिल फुगते. मासळीचा खर्च वेगळ्या खिशात असल्यामुळे त्या बाजूला झालेली बचत कोणाच्या लक्षात येत नाही, आणि घरातली बाई मात्र बोलणी खाते. लगोलग गणपती येतात. मुंबईहून चाकरमानी येतात, घरात दोन्ही वेळा दहा-पंधरा पाने उठतात, मोदकांना तांदळाची पिठी, गूळ आणि नारळ लागतात. हा खर्च आकस्मिक म्हणता येणार नाही. तो दरवर्षी पंचांगात छापलेला असतो. तरीही दर भाद्रपदात आपण त्याला अचानक आलेल्या संकटासारखे तोंड देतो, याचे मला नेहमीच वाईट वाटते, कारण त्या वेळी काढलेले कर्ज फिटेपर्यंत दिवाळी उंबरठ्यावर येते.

ताईंनी हिशेब मांडून दाखवला तो असा: समजा, बेगमीला वर्षाकाठी बारा हजार लागतात आणि गणपती-दिवाळीच्या शिध्याला सहा हजार. या अठरा हजारांचे बारा भाग केले की महिन्याला दीड हजार होतात. गुरुजींच्या आठ हजारांतून हे दीड हजार महिन्याच्या पहिल्याच दिवशी काढून टपालाच्या किंवा बँकेच्या वेगळ्या खात्यात टाकावेत, आणि उरलेले साडेसहा हजार हाच महिन्याचा खरा आकडा समजावा. या साडेसहा हजारांना मात्र गुरुजींची शिस्त शंभर टक्के लावावी. मला हे म्हणणे पूर्ण पटते. वर्ष आधी मोजावे आणि मग महिना ठरवावा. महिन्यापासून सुरुवात केली की मे आणि भाद्रपद तो आकडा हमखास मोडतात, एकदा मोडलेला आकडा माणसाला पुन्हा पाळावासा वाटत नाही, आणि घरात दोष देण्यासाठी कोणीतरी शोधले जाते.

बेगमीचा आणखी एक उपयोग आहे, ज्याचा विचार आपण पुरेसा करत नाही. जुलै 2023 मध्ये टोमॅटो शंभर रुपये किलोच्या वर गेला, काही शहरांत त्याहून बराच वर गेला, तेव्हा ज्या घरात सोले भरलेली होती त्या घरातली आमटी आणि सार काही अडले नाही. सप्टेंबर 2024 मध्ये केंद्राने कच्च्या खाद्यतेलावरचे एकूण आयातशुल्क 5.5 टक्क्यांवरून 27.5 टक्क्यांवर नेले, आणि देशाला लागणाऱ्या खाद्यतेलापैकी निम्म्याहून अधिक तेल बाहेरून येत असल्यामुळे त्याची झळ सणांच्या तोंडावर प्रत्येक कढईला लागली. मे 2025 च्या अखेरीस ते 16.5 टक्क्यांवर आणले गेले. तेल साठवून या झळीतून सुटता येत नाही, कारण ते फार दिवस ठेवले तर खवट होते. तिथे उपाय एकच, महिन्याच्या आकड्यात थोडी जागा मोकळी सोडणे. नारळाची गोष्ट तर आपल्या सर्वांच्या अनुभवातली आहे. 2025 मध्ये नारळ महाग झाला तेव्हा ज्यांच्या परसात माड आहेत त्यांना त्याची फारशी जाणीव झाली नाही, पण बाजारपेठेत भाड्याने राहणाऱ्यांना रोजच्या वाटणातला नारळ अर्ध्यावर आणावा लागला. म्हणून दोन शेजाऱ्यांनी एकमेकांच्या किराण्याचे आकडे ताडून पाहू नयेत असे मला वाटते. परसातला माड, आंब्याची चार झाडे, शेतातले दोन पोती भात आणि शिधापत्रिकेचा रंग यांनी आकडा पार बदलतो. राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा, 2013 प्रमाणे प्राधान्य गटातल्या कुटुंबाला माणशी महिना पाच किलो धान्य मिळते आणि जानेवारी 2023 पासून ते मोफत आहे. चौघांच्या घरात वीस किलो धान्य तिथून आले, तर त्यांच्या आठ हजारांची आणि गुरुजींच्या आठ हजारांची तुलना करण्यात हशील नाही.

भाईंनी आतापर्यंत ऐकूनच घेतले होते. ते म्हणाले की दुकानात बसून त्यांना जे दिसते ते याद्यांत दिसत नाही. महिन्याची यादी बहुतेक लोक नीट करतात. डाळ, तांदूळ, साखर, तेल यांत उधळपट्टी जवळजवळ नसतेच. आकडा फुटतो तो संध्याकाळी मूल दुकानात पाठवले जाते तेव्हा. एक बिस्किटाचा पुडा, एक शेवेची पिशवी, शाम्पूच्या दोन पुड्या, शीतपेयाची बाटली, आणि महिनाअखेरीस त्यांची बेरीज डाळीच्या वर गेलेली असते. याला पुष्टी देणारी गोष्ट त्याच सर्वेक्षणात आहे: ग्रामीण घरांत पेये, अल्पोपाहार आणि प्रक्रिया केलेले पदार्थ यांवर एकूण खर्चाच्या 9.84 टक्के रक्कम जाते, आणि अन्नाच्या कोणत्याही एका गटावर, दुधावरसुद्धा, एवढी रक्कम जात नाही. वरच्या सरासरीने चौघांच्या घरात हे महिन्याला सोळाशे रुपयांच्या आसपास होतात. गुरुजींनी यावर समाधानाने मान हलवली, आणि या एका बाबतीत त्यांची शिस्त अपरिहार्य आहे हे मीही मान्य केले.

भाईंची दुसरी सूचना तेलाविषयी होती. एक लिटर तेलाचे वजन साधारण 910 ग्रॅम भरते, परंतु हल्ली 850 ग्रॅमच्या आणि त्याहून कमी वजनाच्याही पिशव्या येतात आणि वरून पाहता त्या सारख्याच दिसतात. वेष्टनावर दर ग्रॅमचा किंवा दर मिलिलिटरचा भाव छापणे आता बंधनकारक आहे. तो बारीक अक्षरात असतो, पण खरी तुलना त्यावरूनच करता येते. तालुक्याबाहेरच्या मोठ्या दुकानातल्या सवलतींबद्दलही बराच खल झाला. ताई म्हणाल्या की 17 मार्च 2023 पासून एस.टी.त महिलांना अर्धे तिकीट आहे, तेव्हा घरातल्या बाईने यादी घेऊन जावे आणि यादीतलेच आणावे. सगळे कुटुंब गाडी काढून गेले की वाचलेले पैसे पेट्रोलात आणि जेवणात जातात. त्यांच्या गटातल्या बायका तांदळाचे 50 किलोचे पोते एकत्र घेऊन वाटून घेतात, कारण जुलै 2022 पासून 25 किलोपर्यंतच्या लेबल लावलेल्या बंद पाकिटातल्या धान्यावर आणि डाळींवर पाच टक्के कर आहे, त्याहून मोठ्या पोत्यावर नाही. मला हा मार्ग सर्वांनी घ्यावासा वाटतो.

शेवटचा आणि सर्वांत तीव्र वाद झाला तो उधारीच्या वहीवर. उधारीवर माल घेणारा भाव विचारत नाही, म्हणून वही आधी बंद करावी, असे गुरुजी म्हणाले. बाबीचा आवाज चढला. ज्याची मिळकत नौकेच्या वाटणीवर आहे, ज्याच्या घरात ऑगस्टपासून मेपर्यंत पैसा येतो तोही कधी भरपूर आणि कधी डिझेलपुरताही नाही, त्याने जुलैमध्ये रोख कुठून आणायची? भाईही उधारीवर व्याज लावत नाहीत आणि नारळी पौर्णिमेनंतर लोक पैसे आणून देतात, हे गुरुजींनी विसरू नये, असे तो म्हणाला. मला दोघांच्याही बोलण्यात तथ्य दिसते, तरी या बाबतीत मी बाबीच्या बाजूने आहे. वहीचा दोष एवढाच, की तिच्यात नोंदी असतात आणि चालू बेरीज नसते, त्यामुळे किती झाले हे महिना उलटल्यावरच कळते. भाईंनी प्रत्येक दहा दिवसांनी बेरीज मांडून गिऱ्हाइकाला सांगण्याचे कबूल केले, आणि त्यांच्यासारख्या जुन्या दुकानदाराने ते इतक्या सहज मान्य करावे याचा मला फार आनंद झाला.

बाबीच्या घरासाठी मी सुचवले की मिळकत दहा महिन्यांची असली तरी तिला बारांनी भागावे, आणि भागताना गेल्या तीन हंगामांतला सर्वांत हलका हंगाम धरावा. सरासरी धरली तर वाईट वर्षी पुन्हा वहीच उघडावी लागेल. भरघोस वाटणी हातात येते त्या आठवड्यात जून-जुलैचा हिस्सा ताईंच्या गटाकडे किंवा टपाल खात्यात जमा व्हावा, म्हणजे तो घरात राहून खर्च होणार नाही. गुरुजींना बारांनी भागणे पटले. मासळीची रक्कम आठवड्याने बांधावी हे त्यांनी अजून मान्य केलेले नाही; दोन महिने लिहून ठेवलेला मासळीचा खर्च समोर आणा, मग बोलू, असे त्यांनी सांगितले. बाबीने येत्या रविवारी नौकेच्या वाटणीचे तीन हंगामांचे कागद घेऊन यायचे कबूल केले आहे, आणि मासळीच्या खर्चाची वही ताईंनी दुसऱ्या दिवसापासूनच सुरू केली आहे.